नोंद क्रमांक ६४१३

लिफ्टच्या कंट्रोल पॅनेलच्या दाराला, आतल्या बाजूने, काळ्या मार्करने लिहिलेला आकडा: ६४१३. शेवटचा तीन फिकट. शाई संपत आली असावी.

*

एक बूट. डावा. लेस अजून बांधलेली.

*

ऑफिसच्या भिंतीवर नवी कोरी पाटी. ‘अपघाताविना दिवस’. खाली आकड्याची पट्टी अडकवायला खाच. खाचेत ५.

*

एका पर्समध्ये चाव्या, कंगवा, डब्याचा चमचा आणि चष्म्याच्या जुन्या घरात ठेवलेली काळी डिस्क. डिस्कवर पांढरी चिकटपट्टी. चिकटपट्टीवर ‘मंगळवार’.

*

छापील कागद. अकरा प्रश्न. अकरांपुढे बरोबरच्या खुणा. तळाशी सहीसाठी रेघ, आणि रेघेवर काहीच नाही.

प्रश्न १. चालू आहे का?

“पाच मिनिटांचं काम आहे, बाई,” मालक म्हणाले. “यादी तुमची, माणूस तुमच्याच हाताखाली शिकलेला, खुणा करून झालेल्या. सही तेवढी राहिलीय.”

“पाच मिनिटांचं असतं तर फोनवर केलं असतं,” बाई म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या.

लोकांच्या सर्व्हरवर डेटाबेस नीट बसवलाय की नाही हे तपासून सही द्यायची, हा बाईंचा एकवीस वर्षांचा धंदा. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या या कंपनीने पंधरवड्यापूर्वी जुना सर्व्हर काढून नवा आणला होता. पडताळणीची सही राहून गेली होती, आणि कोणाला तिची घाईही नव्हती. घाई झाली ती गेल्या गुरुवारपासून.

गेल्या गुरुवारी सकाळी टॉवर तीनमधली दोन नंबरची लिफ्ट बंद आहे म्हणून तक्रार आली. मेकॅनिक गेला, वरच्या मशिनरूममध्ये खटका खाली पाडलेला दिसला, त्याने तो चालू केला आणि तपासायला केबिनच्या टपावर उतरला. ब्रेकने दगा दिला. पाय गेला लोखंडी पट्टीत. तो राहील की काढावा लागेल, डॉक्टर अजून नीट बोलत नव्हते.

“आणि आदल्या मंगळवारी तीच लिफ्ट आमच्या मिस्त्रीने तपासली होती,” मालक म्हणाले. “तो म्हणतो, ब्रेक गेलाय अशी नोंद मी टॅबलेटवर केली. डेटाबेसमध्ये नोंद नाही. म्हणजे दोघांपैकी एक खोटं बोलतंय. डेटाबेस खोटं बोलत नाही, एवढं तुम्ही लिहून द्या. पाच वाजता बैठक आहे.”

“मग मिस्त्रींचं काय?”

“त्याचं काय ते वकील बघतील. निष्काळजीपणा आहे हा. माणूस जन्माचा अधू होतोय.” मालकांनी आवाज खाली आणला. “आणि तो माणूस कोण? मिस्त्रीचा सख्खा साडू. दोघी बहिणी समोरासमोर राहतात. गुरुवारपासून धाकटीने दार लावून घेतलंय. थोरली रोज डबा घेऊन दारात उभी राहते आणि परत जाते.”

बाईंनी यादी पुढे ओढली. दहा वर्षांपूर्वी त्यांनीच केलेली. चालू आहे का? आवृत्ती बरोबर आहे का? ठरलेल्या खिडकीवर बसला आहे का? शेवटची नोंद जुळते का? जागा पुरेशी आहे का? असे अकरा.

त्यांनी अकराही प्रश्न सर्व्हरला स्वतः विचारले. अकराही वेळा उत्तर आलं: होय.

पेनचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं. सगळं इतकं सरळ असलं की बाईंच्या मनात पाल चुकचुकायची.

“मिस्त्रींना बोलवा,” त्या म्हणाल्या.

प्रश्न ४. शेवटची नोंद जुळते का?

मिस्त्री साठीला टेकलेला. नखांत ग्रीस, शर्टाची वरची गुंडी लावलेली. गुंडी आजच्यापुरती असावी. सारखा हात तिथे जात होता.

“बसा ना.”

“बसतो की. आता बसायचेच दिवस आहेत.”

“त्या मंगळवारचं सांगा.”

“सांगून सांगून जिभेला घट्टे पडले, मॅडम. ब्रेकचा लायनर खलास. हाताला पत्रा लागत होता. अशा ब्रेकवर रिकामी केबिन खाली पडत नाही, वर जाते, कारण दुसऱ्या बाजूचं वजन जास्त असतं. बाहेरच्या माणसाला हे पटत नाही. टपावर उभा असलेल्याला पटतं.” तो थांबला. “मी खटका पाडला. टॅबलेटवर नोंद केली. टॅबलेटने नंबर दिला. तो पॅनेलच्या दाराला आतून लिहिला. चौतीस वर्षं लिहितोय.”

“फक्त नंबर?”

“आमच्यात तसंच. पुढचा माणूस दार उघडतो, नंबर बघतो, टॅबलेटवर टाकतो. काय झालंय ते कळतं. पूर्वी पाट्या टांगायचो, ‘चालू करू नका’ म्हणून. मालकांनी बंद केल्या. रहिवासी घाबरतात म्हणे.”

“नंबर कोणता?”

“सहा चार एक तीन. पण तुम्ही तो टाकाल आणि माझ्याकडे सगळ्यांसारख्याच बघाल. म्हणून आधीच सांगतो, मला वेड लागलेलं नाही.”

बाईंनी नंबर टाकला. पडद्यावर आलं:

*६४१३. शुक्रवार, सकाळी ११.०५. दवाखान्याची इमारत, लिफ्ट १. दाराचा सेन्सर पुसला. काम पूर्ण.*

दुसरी इमारत, दुसरा मेकॅनिक. आणि मिस्त्रीच्या मंगळवारच्या चार दिवस आधीचा शुक्रवार.

“बघितलंत?” मिस्त्री म्हणाला. “मशीनने नंबर दिला, आता मशीनच ओळख दाखवत नाही. मालक म्हणतात, अपघात झाल्यावर तू वर जाऊन कुठलातरी जुना नंबर खरडलास. माझी मेव्हणी पण तेच म्हणते. मला भाऊजी म्हणायची. आता ‘तो माणूस’ म्हणते. जिन्यात समोर आली तर भिंतीकडे तोंड करते.”

“साडू काय म्हणतात?”

“शुद्धीत येतो, जातो. मला आत सोडत नाहीत.” गुंडीवरचा हात खाली आला. “सही करणार का तुम्ही?”

बाई पडद्यावरच्या आकड्याकडे बघत होत्या. मंगळवारी सकाळी कंपनीच्या नोंदी साडेसहा हजारांच्या पुढे गेल्या होत्या. खोटा नंबर खरडायचा, तर माणूस खपण्यासारखा खरडेल. मागे गेलेला कशाला?

प्रश्न ७. घड्याळ बरोबर आहे का?

सर्व्हर ठेवला होता गोदामाच्या कोपऱ्यातल्या खोलीत. एका बाजूला जुन्या पुल्या, पोलादी दोरांची वेटोळी, आणि त्यात हे काळं खोकं, फूं फूं करत. सर्व्हरवाला स्टुलावर बसला होता. पस्तिशीचा, डोळ्यांखाली काळं. अकरा वर्षांपूर्वी तो बाईंच्या हाताखाली शिकला होता. बाईंना बघून तो अजून उभा राहायचा. आजही राहिला.

“बस रे. बसवला कधी?”

“दोन शनिवारांपूर्वी, मॅडम. संध्याकाळी जुन्या सर्व्हरवरून शेवटची नक्कल घेतली, नव्यावर चढवली. यादी केली. अकराच्या अकरा.”

“तालीम केली होती?”

“म्हणजे?”

“शनिवारच्या खऱ्या कामाआधी. मी शिकवलं होतं ना, नव्या यंत्रावर आधी एकदा खोटं खोटं करून बघायचं.”

“केली होती थोडीशी,” तो म्हणाला. “गुरुवारी. पुसून टाकली नंतर.”

बाईंनी घड्याळ तपासलं. बरोबर. मग त्यांनी यादीत नसलेला प्रश्न विचारला: यंत्रा, तू कधीपासून जागा आहेस? यंत्राने सांगितलं: सहा दिवस आणि काही तास. बाईंनी बोटांवर हिशेब केला. गेल्या मंगळवारी दुपारी दोन एकेचाळीस.

“शनिवारी बसवलास आणि मंगळवारी बंद करून चालू केलास?”

“मी नाही. वीज गेली असेल.”

“यंत्राची डायरी दाखव.” प्रत्येक सर्व्हर आपली डायरी ठेवतो, कधी उठला, कोणाला कामावर बोलावलं, कोण आलं, कोण आलं नाही.

डायरी उघडली. पहिली ओळ होती बुधवारची, सकाळी ८.२६.

यंत्र मंगळवारपासून जागं आणि डायरी बुधवारपासून.

“मंगळवारची पानं?”

“जागा कमी पडते म्हणून जुनी पुसतो मी अधूनमधून.”

“जागा पुरेशी आहे, असं तूच पाचव्या प्रश्नापुढे खूण करून लिहिलंयस.”

खोक्यातला पंखा तेवढा बोलत राहिला.

प्रश्न यादीत नाही

तक्रारी घेऊन मेकॅनिकांना कामं वाटणाऱ्या फोनवाल्या ताई एकाच वेळी दोन माणसांशी बोलत होत्या आणि तिसऱ्याला हाताने थांबवत होत्या.

“वीज? छे हो. वीज गेली तर आम्हांला आधी कळतं, शंभर लोक लिफ्टमध्ये अडकतात आणि माझ्या नावाने ओरडतात. गेल्या मंगळवारी? नाही गेली. हां, थांबा. ती पाटी लावली ना त्या दिवशी. अपघातवाली.” त्यांनी मान वळवली, भिंतीवर पाच. “जेवणानंतर एक जण ड्रिल घेऊन आला. वायर पुरेना. गोदामाच्या खोलीतल्या सॉकेटात खुपसलं त्याने. तिथलं काय काढलं ते त्याला माहीत आणि देवाला.”

“सर्व्हरचं काढलं,” बाई म्हणाल्या. “परत लावलं तेव्हा यंत्र आपोआप चालू झालं. त्यानंतर तुम्हांला काही वेगळं दिसलं?”

“त्या दिवशी नाही. दुपारी मी फक्त फोन घेते. नोंदी बघते सकाळी, कामं वाटताना.” ताई एकदम थांबल्या. “बुधवारी सकाळी दिसलं. आठला यादी उघडली तर सोमवार गायब! शनिवार नाही, शुक्रवार नाही. कपाळाला हात लावला. सर्व्हरवाल्याला फोन केला. तो आला धावत. दहा मिनिटांत म्हणाला, आता बघ. बघितलं, सगळं जागेवर.”

“हे मालकांना सांगितलंत?”

“काय सांगायचं? गेलं होतं, आलं. आणि आता तर चौकशी आहे ती एका नोंदीची. माझं गायब झालं ते सगळं परत आलं की.”

“ताई, नीट आठवा. बुधवारी आठ वाजता, तो यायच्या आधी, पडद्यावर काय होतं?”

ताईंनी फोन उलटा ठेवला. मग म्हणाल्या, “सगळ्यात वर एक लाल ओळ होती.”

लाल म्हणजे धोक्याची. चालू करू नका.

“वाचलीत?”

“सगळंच चुकलंय म्हटल्यावर लाल काय आणि हिरवं काय. नाही वाचली.” त्या खुर्चीतून उठल्या. “त्याला गुरुवारी टॉवर तीनला मीच पाठवलं, मॅडम. बंद पडलीय, चालू करून ये, असं मीच म्हटलं.”

प्रश्न ९. कोणी काय उघडलं याची नोंद राहते का?

या प्रश्नापुढे बाई नेहमी खूण करायच्या आणि पुढे जायच्या. आज त्या थांबल्या. नोंद राहते, ठीक. मग बघू या तरी. ६४१३ कोणी कोणी उघडली?

चार नावं आली. सगळ्यात वर त्या स्वतः, आज. खाली मालक, सोमवारी. सगळ्यात खाली शुक्रवारचा सेन्सरवाला मेकॅनिक, स्वतःचंच काम बंद करताना.

आणि मध्ये एक ओळ. गुरुवार, सकाळी १०.२०. टॅबलेट: साडूचा.

अपघात झाला दहा एकतीसला.

बाई खुर्चीत मागे टेकल्या. टॉवर तीनच्या मशिनरूममध्ये उभा असलेला माणूस, समोर बंद लिफ्ट, आणि तो दवाखान्याच्या इमारतीतल्या सेन्सरची जुनी नोंद कशाला उघडेल? एकाच कारणासाठी. पॅनेलचं दार त्याने उघडलं, आकडा दिसला आणि शिकवल्याप्रमाणे त्याने तो टाकला. म्हणजे आकडा अपघाताआधीच तिथे होता. मिस्त्रीने मागाहून खरडलेला नाही.

टॅबलेट त्याला म्हणाला: सेन्सर पुसला, काम पूर्ण. त्याला वाटलं असेल, म्हातारा आकडा चुकला. मग त्याने खटका वर केला.

बाईंना टेबलावरचा थंड चहा घ्यावासा वाटेना. घड्याळात अडीच झाले होते. मालक दारात आले.

“झाली का सही?”

“सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करायचाय.”

“आत्ता? भर दिवसा? अर्धा तास सगळं ठप्प होईल, बाई! यादीत आहे का हे?”

“नाही.”

“मग?”

“मग यादी चुकलीय.”

प्रश्न १२

सर्व्हरवाला जेवायला म्हणून गेला होता तो परतला नव्हता. बाईंनी स्वतः यंत्र बंद केलं. पंखा थांबला तेव्हा खोलीत पहिल्यांदाच शांतता झाली. फोनवाल्या ताई आणि मालक दाराशी उभे.

“साध्या भाषेत सांगते,” बाई म्हणाल्या. “हे खोकं म्हणजे इमारत. आत खिडकीवर एक कारकून बसतो आणि नोंदी घेतो. त्याला आम्ही इन्स्टन्स म्हणतो. तुमचे टॅबलेट खिडकीचा नंबर ओळखतात, कारकुनाचं तोंड ओळखत नाहीत. एका इमारतीत दोन कारकून असू शकतात, पण एका खिडकीवर एकच बसतो. जो आधी पोहोचेल तो.”

“आमच्याकडे एकच आहे,” मालक म्हणाले.

“शनिवारी एकच होता. गुरुवारी तालमीसाठी बसवलेल्याला सर्व्हरवाल्याने घरी पाठवलं. पण हजेरीपटावरून नाव काढायचं राहिलं असेल तर?”

त्यांनी बटण दाबलं. यंत्र उठलं. डायरी आपोआप लिहू लागली. घड्याळ लावलं. डिस्क मोजल्या. कारकुनांना बोलावलं.

*‘तालीम’ला बोलावले. आली नाही. जागा सापडली नाही.*

*‘मुख्य’ला बोलावले. आला. खिडकीवर बसला.*

“अरे बापरे,” ताई पुटपुटल्या.

“तालमीच्या कारकुनाची वही गुरुवारच्या ६४१० नंबरवर संपत होती,” बाई म्हणाल्या. “शुक्रवार, शनिवार, सोमवार त्याने पाहिलेच नाहीत. मंगळवारी ड्रिलवाल्याने वायर काढली, परत लावली. यंत्राने दोघांना हाक मारली आणि हा आधी पोहोचला. दुपारी मिस्त्रींनी नोंद दिली. याने आपल्या वहीप्रमाणे पुढचा नंबर दिला. दोन नोंदी आधीच कोणीतरी केल्या असतील, म्हणून ६४१३. तोच नंबर खऱ्या वहीत शुक्रवारी देऊन झाला होता. बुधवारी सकाळी ताईंना दिसली ती याची वही. सर्व्हरवाल्याने येऊन याला हाकललं, खऱ्याला बसवलं आणि याची वही फाडून टाकली. मिस्त्रींची नोंद त्या वहीत होती.”

मालकांनी डायरीतली ती ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाले, “गोष्ट छान आहे. वही कुठाय?”

तिथेच घोडं अडत होतं. डायरीतली एक ओळ एवढंच सांगत होती की तालीम नावाचं काहीतरी एकदा होतं. मिस्त्रीने त्यात काय लिहिलं, लिहिलं की नाही, ते कोण सांगणार?

“रोजचा बॅकअप घेता ना?” बाईंनी विचारलं. “कशाचा? म्हणजे कोणत्या कारकुनाचा?”

“ते मला काय कळतंय? संध्याकाळी सहाला खिडकीवरून सगळ्याची नक्कल होते,” ताई म्हणाल्या. “सात वारांच्या सात डिस्क आहेत. आग लागली तर म्हणून वापरलेली मी घरी नेते, आणि आजच्या वाराची घेऊन येते. त्याच डिस्कवर नवीन चढतं, जुनं जातं.”

“खिडकीवरून. जो बसला असेल त्याची. गेल्या मंगळवारी सहाला तालमीचा कारकून बसला होता.” बाईंचा आवाज चढला. “आज मंगळवार. ती डिस्क कुठाय?”

ताईंनी पर्स उघडली. चाव्या, कंगवा, चमचा. चष्म्याचं घर उघडलं. रिकामं.

“मघाशीच सर्व्हरवाला घेऊन गेला. म्हणाला, आज लवकर चढवतो.”

प्रश्न २. आवृत्ती बरोबर आहे का?

तो इमारतीच्या मागच्या पायऱ्यांवर बसला होता. मांडीवर लॅपटॉप, लॅपटॉपला डिस्क जोडलेली. डबा न उघडलेला. बाई त्याच्या शेजारी, एक पायरी वर बसल्या. या वेळी तो उभा राहिला नाही.

“पुसलीस?”

“पुसायला घेतली होती.”

“मग?”

“तुम्ही शिकवलं होतं ना. कुठलाही बॅकअप पुसायच्या आधी एकदा उघडून बघायचा.” त्याने नाक ओढलं. “उघडला.”

त्याने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला.

*६४१३. मंगळवार, दुपारी ३.५२. टॉवर तीन, लिफ्ट २. ब्रेक लायनर संपला आहे. खटका पाडला आहे. लायनर बदलेपर्यंत कोणीही चालू करू नये. टपावर चढू नये.*

खाली मिस्त्रीचं नाव.

“मला खरंच माहीत नव्हतं, मॅडम. बुधवारी घाईत होतो. तालीमच तर आहे, त्यात कोण काय लिहिणार, म्हणून उडवली. गुरुवारी अपघात झाला, मिस्त्री नंबर सांगायला लागले, आणि मला ती उडवलेली तालीम आठवली. पण बघायला काही राहिलं नव्हतं. वाटलं, नसेलही लिहिलं त्यांनी. रोज स्वतःला तेच सांगत होतो, नसेलही लिहिलं. डायरी पुसली. आज तुम्ही आलात आणि डिस्क आठवली.” तो तोंड झाकून बसला. “‘टपावर चढू नये.’ दोन तास झाले, तेवढंच वाचतोय.”

बाईंनी डिस्कची वायर हळूच काढली आणि डिस्क पदरात गुंडाळली.

“अकराही प्रश्न मी विचारले होते,” तो म्हणाला. “प्रामाणिकपणे. एकही गाळला नाही. बंद करून चालू करून बघ, असं एका ओळीत लिहिलं असतं तर शनिवारीच कळलं असतं. यादीत का नव्हतं हो, मॅडम?”

पायऱ्यांखाली कोणीतरी गाडी मागे घेत होतं. बाई तिकडे बघत राहिल्या.

“चल,” त्या म्हणाल्या. “तूच सांग वर. माझ्या तोंडून नको.”

तळाची रेघ

बैठक पाचला सुरू झाली आणि सव्वापाचला तिच्यात बोलण्यासारखं काही उरलं नाही. सर्व्हरवाला उभा राहून बोलला, चाचरत, पण काही लपवलं नाही. मालकांनी दोनदा वकिलाकडे पाहिलं. वकिलाने दोन्ही वेळा कागदांकडे. ताई रडत होत्या. भिंतीवरची पाटी कोणीतरी काढून, तोंड भिंतीकडे करून, कपाटाला टेकवून ठेवली होती.

मिस्त्रीची मेव्हणी नवऱ्याच्या वतीने आली होती. ती दाराजवळच्या खुर्चीत, पर्स छातीशी धरून बसली होती. लॅपटॉप सगळ्यांपुढून फिरत तिच्यापर्यंत आला. तिने तो निरोप वाचला. ओठ हलवत, शाळेतल्यासारखा.

बाईंनी गुरुवारची दहा वीसची ओळ सांगितली तेव्हा मिस्त्रीने पहिल्यांदा मान वर केली.

“म्हणजे त्याने दार उघडून नंबर बघितला होता?”

“हो.”

“टाकून पण बघितला?”

“हो.”

“मी शिकवलं होतं त्याला.” मिस्त्रीने वरची गुंडी काढली. “नंबरच लिहायची रीत आमची. ‘ब्रेक’ एवढं लिहायला काय झालं होतं? मार्कर सुकत आला होता, म्हटलं नंबर पुरे. अडीच अक्षरं, मॅडम. शाई तेवढी होती.”

सुटला म्हणून त्याच्याकडे बघून हसू लागलेली माणसं थांबली. मिस्त्री सुटल्यासारखा दिसत नव्हता.

मेव्हणी उठली. टेबलाला वळसा घालून त्याच्या खुर्चीपाशी आली आणि थोडी लांबच उभी राहिली.

“आमच्या ताईने डबा केला असेल ना आज पण?” ती म्हणाली.

“असेल.”

“मग घ्या बरोबर. दवाखान्यात सातपर्यंत सोडतात.” ती दारापर्यंत गेली आणि वळली. “चला ना, भाऊजी. मला एकटीला नाही सांगता यायचं त्यांना.”

मिस्त्री उठला. गुडघ्यावर हात ठेवून, हळू.

खोली रिकामी झाल्यावर मालकांनी यादी बाईंपुढे सरकवली, सवयीने असेल. सहीची रेघ तशीच होती. बाईंनी पेन काढलं. सही केली नाही. अकराव्या प्रश्नाखाली, छापील अक्षरांच्या सरळ रेषेत बसेल इतक्या काळजीने, हाताने लिहिलं: *१२. यंत्र पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा. मग पहिल्या प्रश्नापासून सुरू करा.*

“हे आधीपासून असतं तर बरं झालं असतं, नाही?” मालक म्हणाले. टोमणा नव्हता. दमलेला आवाज होता.

दहा वर्षांपूर्वी ही यादी पहिल्यांदा छापली, तेव्हा तिच्यात बारा प्रश्न होते. बारावा बाईंनीच नंतर काढला होता, गिऱ्हाईकांचा अर्धा तास वाचावा म्हणून.